जुन्या सुपरहिरो कथांचा संग्रह घेताना हल्कचा रंग पाहा

प्रश्न थोडक्यात असा आहे: चौदा वर्षांच्या मुलीचे सुपरहिरोंचे सगळे सिनेमे बघून झालेत आणि आता तिला या पात्रांच्या मूळ कथा वाचायच्या आहेत. वडिलांनी दुकानात दोन जाडजूड संग्रह चाळले. चित्रं बाळबोध वाटली, रंग डोळ्यांत घुसले, शिवाय पानापानावर शब्दांची दाटी. एकच पुस्तक घ्यायचं तर कोणतं, आणि ते वाचायचं कसं?

उत्तर आधी देतो. नवं पुस्तक घ्यायचं असेल तर पेंग्विन क्लासिक्सने २०२२ मध्ये काढलेला स्पायडरमॅनचा खंड घ्या. जुन्या पुस्तकांच्या ढिगात जूल्स फायफर यांनी संपादित केलेला, १९६५ चा ‘द ग्रेट कॉमिक बुक हीरोज’ दिसला, तर घासाघीस करत बसू नका, उचला. या दोन्हींपैकी काहीच मिळालं नाही आणि तिसराच एखादा संग्रह समोर आला, तर तो कसा पारखायचा हे सांगण्यासाठीच हे लांब उत्तर लिहितोय.

मी अठ्ठावीस वर्षं प्रीप्रेसमध्ये आहे, म्हणजे पान मशीनवर चढण्याआधीचं सगळं काम. सुरुवात निगेटिव्ह आणि फिल्मपासून झाली. पुढे स्कॅनर आले आणि गेली बरीच वर्षं जुनी छापील चित्रं पुनर्मुद्रणासाठी साफ करायचं काम माझ्याकडे येतं. त्यामुळे संग्रह हातात आला की माझी नजर गोष्टीआधी पानाकडे जाते. तुमचे रंग डोळ्यांत घुसले, त्यात त्या जुन्या कलाकारांचा दोष नाही. दोष पुनर्मुद्रणाचा आहे.

ती मूळ कॉमिक्स कशी छापली जायची ते बघा. कागद न्यूजप्रिंट, म्हणजे वर्तमानपत्राचा स्वस्त, किंचित पिवळट करडा. रंग करणारा माणूस चित्राच्या छोट्या प्रतीवर पाण्यासारख्या पातळ रंगाने नमुना रंगवायचा आणि प्रत्येक भागावर सांकेतिक खूण लिहायचा. लाल, पिवळा, निळा या तीन शाया. प्रत्येक शाई एकतर नाही, किंवा पाव, किंवा अर्धी, किंवा पूर्ण; पाव आणि अर्धी बारीक ठिपक्यांच्या जाळीने. चार गुणिले चार गुणिले चार, म्हणजे एकूण चौसष्ट रंग. गोऱ्या माणसाच्या कातडीचा रंग म्हणजे पाव लाल आणि पाव पिवळा, बस्स. तो नमुना कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्टच्या ‘केमिकल कलर प्लेट’ या कारखान्यात जायचा. तिथे कारागीर एकेका पानासाठी पारदर्शक ॲसिटेटचे नऊ-नऊ ताव हाताने रंगवायचे, प्रत्येक शाईच्या प्रत्येक छटेला एक. सुपरमॅनचा लाल केप, म्हणजे खांद्यांवरून मागे सोडलेला तो झगा, छापला जाण्याआधी निदान दोन वेगळ्या तावांवर कुणीतरी ब्रशने भरलेला असायचा.

हे सगळं गृहीत धरून रंग निवडले जायचे. न्यूजप्रिंट शाई पितो. ठिपका कागदात शिरून पसरतो, आमच्या भाषेत डॉट फुगतो. पूर्ण लाल आणि पूर्ण पिवळा एकावर एक दिला तरी खालचा मळकट कागद त्याला शांत करतो. आता हीच पानं चकचकीत आर्ट पेपरवर घ्या. शाई आत जात नाही, वरच बसते आणि तोच शंभर टक्के पिवळा दिव्यासारखा पेटतो. तुम्ही दुकानात चाळलेले संग्रह बहुधा असे असावेत. चित्रकाराने मंद उजेडासाठी बांधलेलं घर हॅलोजनखाली पाहिल्यासारखं होतं ते. म्हणून संग्रह घेताना कागदावर बोट फिरवा. थोडा खरखरीत, चमक नसलेला, दुधाळ कागद असेल तर अर्धं काम झालं. 

आता हल्क. मे १९६२ च्या पहिल्या अंकात हल्क करडा होता. लेखक स्टॅन ली यांना करडाच हवा होता. पण तीन शायांच्या जाळ्यांतून करडा काढणं हे छपाईतलं सगळ्यात कटकटीचं काम आहे. तिन्ही शाया नेमक्या तोलात पडल्या तरच करडा दिसतो. एक कणभर जास्त झाली की तो हिरवट, तपकिरी किंवा निळसर होतो. आजच्या मशीनवरही करड्या पार्श्वभूमीचं काम आलं की माझ्या पोटात गोळा येतो, मग १९६२ साली न्यूजप्रिंटवर काय झालं असेल! एकाच अंकात हल्क पानागणिक वेगवेगळ्या छटांचा छापला गेला. दुसऱ्या अंकापासून त्याला हिरवा केला आणि तो कायमचा हिरवा झाला. पुढे कित्येक वर्षं पहिल्या अंकाच्या पुनर्मुद्रणातही त्याला हिरवा रंगवायचे, जणू तो करडा कधी नव्हताच. म्हणून एखाद्या संग्रहात हल्कची पहिली कथा असेल तर आधी ते पान उघडा. करडा असेल तर संपादकाने जुनी प्रत नीट पाहिली आहे. हिरवा असेल तर त्या पुस्तकात आणखी काय काय बदललंय कुणास ठाऊक, असं समजून पुढे पाहा.

आपल्याकडच्या वाचकाला हे वेताळच्या उदाहरणाने पटकन कळेल. मार्च १९६४ मध्ये इंद्रजाल कॉमिक्स सुरू झालं आणि मराठीतही आलं. माझ्या पिढीने ली फॉक यांचा फँटम वेताळ म्हणूनच वाचला. मूळ चित्रपट्टी १९३६ ची, म्हणजे सुपरमॅनच्या दोन वर्षं आधीची. रोजची पट्टी कृष्णधवल होती आणि फॉक यांच्या मनात पोशाख करडाच होता. रविवारची रंगीत पानं निघाली तेव्हा तो जांभळा छापला गेला. स्वीडनमध्ये तो निळा झाला, इटलीत लाल. आणि इंद्रजालमध्ये मजकुरालाही कात्री लागायची. मूळ कथेतला ‘बंगाल’ची आठवण करून देणारा देश आपल्या अंकांत ‘डेंकाली’ झाला होता. मला हे चाळिशीत कळलं, तेव्हा घरातले जुने अंक काढून पुन्हा वाचले. जे आपण ‘मूळ’ म्हणून जपलं तेही कुणीतरी कापून, जोडून, पुन्हा रंगवून आपल्यापर्यंत पोचवलं होतं. त्यात वाईट काही नाही, फक्त कोणी काय बदललं हे पुस्तकात लिहिलेलं असावं, एवढंच माझं म्हणणं आहे.

साफसफाईबद्दलही सांगायला हवं, कारण तिथे मी स्वतः चुकलो आहे. बऱ्याच जुन्या कथांच्या मूळ फिल्म उरल्याच नाहीत, छापील अंक तेवढा उरला. त्यातून काळी रेघ वेगळी काढायची तर पूर्वी ग्रेग थीक्स्टन नावाच्या माणसाची रीत वापरत. जुन्या अंकाची पानं रसायनात बुडवून रंग उडवायचे आणि उरलेल्या काळ्या रेषेचा फोटो घ्यायचा. अंक त्यात संपायचा. आता हेच काम संगणकावर होतं, पण धोका तोच. काही वर्षांपूर्वी एका जुन्या साहसकथेची पानं माझ्याकडे आली होती. गिऱ्हाइकाला ‘एकदम स्वच्छ’ हवी होती. मी डाग काढता काढता सावलीसाठी ओढलेल्या बारीक रेघाही पुसल्या. पिसासारख्या टोकाला निमुळत्या होणाऱ्या त्या रेघा चित्रकाराने ब्रशने एकेक करून काढलेल्या होत्या. चेहरा छापून आला तो उकडलेल्या बटाट्यासारखा सपाट. पुस्तक छापून झालं होतं, काही करता आलं नाही. त्या दिवसापासून मी जुनं पान थोडं मळकटच ठेवतो. तुम्हाला ‘बाळबोध’ वाटलेल्या चित्रांपैकी काही अशीच धुऊन काढलेली असण्याची शक्यता मोठी आहे.

काही मात्र खरंच कच्ची आहेत आणि त्यांचा कच्चेपणा समजून घेण्यात मजा आहे. जून १९३८ च्या तारखेचा ‘ॲक्शन कॉमिक्स’चा पहिला अंक, किंमत दहा सेंट. त्यात सुपरमॅनची तेरा पानं. जेरी सीगल आणि जो शुस्टर यांनी ती वर्तमानपत्रातल्या पट्टीसाठी केली होती. कुणी घेईना. शेवटी मासिकासाठी घाईघाईने पट्ट्या कापून पानांवर चिकटवल्या. म्हणून त्या पानांवर चौकटी एकसारख्या, ठोकळ्यांसारख्या दिसतात आणि गोष्ट मधूनच सुरू झाल्यासारखी वाटते. कापलेली सुरुवात १९३९ मध्ये सुपरमॅनच्या स्वतंत्र अंकात आली. संग्रहात यातली कुठली आवृत्ती घेतली आहे हे सांगितलेलं असेल तर संपादक जागा आहे असं समजा.

आणि गोष्ट काय आहे? त्यात दुसऱ्या ग्रहावरचा खलनायक नाही. सुपरमॅन उडतही नाही, लांब उड्या मारतो. निरपराध बाईला फाशी होणार असते, म्हणून तो रात्री गव्हर्नरच्या घराचं पोलादी दार उखडून आत शिरतो आणि पुरावा दाखवतो. बायकोला मारणाऱ्या नवऱ्याला तो भिंतीवर आपटतो. शेवटी तो वॉशिंग्टनला एका सिनेटरला विकत घेऊ पाहणाऱ्या दलालाच्या मागे लागतो. महामंदीतून नुकत्याच बाहेर येणाऱ्या क्लीव्हलंड शहरातल्या दोन तरुण पोरांनी आपला राग असा कागदावर उतरवला. तुमच्या मुलीने सिनेमातला सुपरमॅन पाहिला असेल तर ही तेरा पानं वाचून ती चकित होईल. त्या दोघांना पात्राच्या हक्कांसकट १३० डॉलर मिळाले. त्यांची नावं पात्राचे निर्माते म्हणून नियमित छापली जायला १९७५ उजाडावं लागलं. सोबत त्यांना वार्षिक मानधनही मिळू लागलं. तोवर दोघंही साठीला पोचले होते.

म्हणूनच श्रेयाचं पान पाहा म्हणतो. मे १९३९ च्या ‘डिटेक्टिव्ह कॉमिक्स’मधली बॅटमॅनची पहिली कथा सहाच पानांची आहे. ती लिहिली बिल फिंगर यांनी आणि नाव छापलं गेलं फक्त बॉब केन यांचं. फिंगर १९७४ मध्ये गेले. त्यांना सहनिर्माता म्हणून अधिकृत मान मिळाला तो २०१५ मध्ये. तुमच्या मुलीला वंडर वूमन आवडत असेल तर तिला जॉय हमेल यांच्याबद्दल जरूर सांगा. १९४४ मध्ये, जेमतेम विशीत, त्यांनी वंडर वूमनच्या संहिता लिहायला घेतल्या. सत्तरहून अधिक कथा लिहिल्या आणि एकीवरही त्यांचं नाव नव्हतं. बिल फिंगर यांच्याच नावाचा पुरस्कार त्यांना २०१८ मध्ये मिळाला. ज्या संग्रहात कथेच्या सुरुवातीला लेखक, चित्रकार, पेन्सिलीच्या चित्रावर शाई भरणारा यांची नावं शोधून घातलेली नाहीत, तो मी तरी विकत घेत नाही.

फायफर यांचं पुस्तक मला सगळ्यात प्रिय का, तेही याच धाग्याने सांगता येईल. ते स्वतः या धंद्यातून आलेले होते. न्यू यॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला हा मुलगा १९४६ च्या सुमारास कॉमिक्सकार विल आयझनर यांच्या स्टुडिओत उमेदवारी करायला गेला आणि पुढे मोठा व्यंगचित्रकार झाला. त्यांनी संग्रह काढला तेव्हा चाळीसच्या दशकातली कॉमिक्स मिळणंच मुश्कील होतं. युद्धकाळात रद्दी गोळा करण्याच्या मोहिमांत लाखो अंक लगद्यात गेले होते. मोठ्यांच्या लेखी ती रद्दीच होती. फायफर यांनी त्या कथा निवडल्या आणि पुढे एक लांब निबंध लिहिला. कॉमिक्स ही थोर कला आहे असा आव त्यात कुठेही नाही. हा कचरा आहे, आणि कचऱ्याकडून कुणी काही अपेक्षा करत नाही म्हणूनच त्याला वाट्टेल ते करायची मोकळीक असते, असं काहीसं ते मांडतात. क्लार्क केंट हे सोंग आणि सुपरमॅन हा खरा माणूस, बाकीच्या नायकांचं याच्या उलट, हे निरीक्षणही त्यांचंच. आज ते सगळीकडे ऐकू येतं.

त्या पुस्तकातली एक जागा मात्र बोलकी आहे. कॅप्टन मार्व्हलला (सिनेमातली नायिका नव्हे, हा आजचा ‘शझॅम’) त्यात एकच पान मिळालं. एकेकाळी खपात सुपरमॅनला मागे टाकणारा हा नायक, सी. सी. बेक यांच्या साध्या, गोल, नेमक्या रेषेतला. पण सुपरमॅनची नक्कल केल्याचा खटला त्याच्या प्रकाशकावर वर्षानुवर्षं चालला, १९५३ मध्ये तडजोड होऊन त्याची कॉमिक्स बंद झाली आणि हक्कांची गुंतागुंत नंतरही राहिली. कुठल्याही संग्रहात काय आहे याइतकंच काय नाही, आणि का नाही, हे पाहावं. एक सूचना: २००३ मध्ये हे पुस्तक पुन्हा निघालं, पण त्यात फक्त निबंध आहे, कथा नाहीत. कथा हव्या असतील तर मोठ्या आकाराची जुनी प्रतच शोधा.

पेंग्विनचा खंड सुचवला त्याचं कारण वेगळं आहे. बहुतेक संग्रह ‘पहिलं दर्शन’ या एकाच कसोटीवर बांधलेले असतात. सगळ्यांच्या जन्मकथा एका पुस्तकात. नव्या वाचकाला त्याचा कंटाळा येतो. दहा बारशी एका दिवशी केल्यासारखं होतं, पोर मोठं झालेलं कुठेच दिसत नाही. पेंग्विनच्या खंडात एकाच नायकाच्या पहिल्या दोनेक वर्षांतले निवडक अंक क्रमाने येतात, सोबत नीट प्रस्तावना आहे. ऑगस्ट १९६२ च्या ‘अमेझिंग फँटसी’च्या पंधराव्या अंकातली पहिली कथा अकरा पानांची. ती वाचताना मुलीला एक गोष्ट करायला सांगा: आधी संवादाचा एकही फुगा न वाचता अकराही पानं फक्त पाहायची. चित्रकार स्टीव्ह डिट्को यांचा पीटर, म्हणजे मुखवट्याआधीचा स्पायडरमॅन, पाठीत वाकलेला, चौकटीच्या कोपऱ्यात ढकललेला असतो. मुखवटा घातला की तोच देह ताणून अख्ख्या चौकटीभर पसरतो. शब्दांशिवाय गोष्ट कळते. मग फुगे वाचायचे.

शब्दांची दाटी का असते तेही यातून लक्षात येईल. मार्व्हलमध्ये पुष्कळदा आधी थोडक्यात कथानक ठरायचं, चित्रकार त्यावरून अख्खी गोष्ट पानांवर मांडायचा आणि संवाद मागाहून भरले जायचे. चित्र जे आधीच सांगून बसलंय ते शब्द पुन्हा सांगतात, ते यामुळे. आणि म्हणूनच जॅक कर्बी आणि डिट्को यांना फक्त चित्रकार म्हणणं मला पटत नाही. गोष्ट चौकटीत घडवणारा तो लेखकच.

या खंडाची गोडी लागली तर पुढची पायरी म्हणून फेब्रुवारी १९६६ चा स्पायडरमॅनचा तेहतिसावा अंक शोधा. पीटर प्रचंड यंत्राखाली अडकलाय, काकू मरणाच्या दारात, तिचं औषध हाताच्या अंतरावर, वरून पाणी गळतंय. डिट्को काही पानं एवढंच दाखवतात, की तो उठायचा प्रयत्न करतोय. चौकटी हळूहळू मोठ्या होत जातात आणि यंत्र उचललं जातं ते अख्ख्या पानाच्या एकाच चित्रात. ते पान उजव्या हाताला आधीच दिसत असेल तर सगळा परिणाम गेला. पान उलटल्यावर ते यायला हवं. संग्रह जुळवणाऱ्याने डाव्या-उजव्या पानांचा हिशेब ठेवलाय का, हे मी त्या जागेवर तपासतो.

आणखी एक कथा, सुपरहिरोंच्या हद्दीवरची. आयझनर यांच्या ‘स्पिरिट’ मालिकेतली, ५ सप्टेंबर १९४८ च्या रविवार पुरवणीतली. गेर्हार्ड श्नॉबल नावाच्या एका सामान्य माणसाला उडता येतं. लहानपणी त्याला ते दाबून टाकायला लावलेलं असतं. एक दिवस तो जगाला दाखवायचं ठरवतो, उंच इमारतीवरून झेप घेतो आणि खरोखर उडतो. त्याच वेळी गच्चीवर चोर-पोलिसांची गोळीबारी चालू असते. एक भरकटलेली गोळी त्याला लागते. कुणाचंही लक्ष नसतं. सात पानं. मी ती शंभरदा तरी वाचली असेन.

वडील म्हणून तुम्हाला एक सांगायलाच हवं. याच ‘स्पिरिट’मध्ये एबनी व्हाइट नावाचा कृष्णवर्णीय मुलगा आहे. जाड ओठ, मोठे डोळे, मोडकी भाषा. युद्धकाळातल्या कॉमिक्समध्ये जपानी माणसं दात विचकणाऱ्या जनावरांसारखी काढलेली आहेत. थोर चित्रकारांनीही ते केलं, आणि ते पाहताना आजही मला त्रास होतो. अशी पानं गुपचूप गाळणारे संग्रह मला नको वाटतात, आणि काहीच न बोलता छापणारेही. प्रस्तावनेत त्यावर स्पष्ट लिहिलेलं असेल असा संग्रह घ्या, आणि ती पानं मुलीबरोबर बसून वाचा.

दुकानात जाताना दहापट मोठं दाखवणारं छोटं भिंग खिशात ठेवा, घड्याळ दुरुस्त करणारे वापरतात तसं. पानावरच्या चेहऱ्यावर धरा. लाल आणि पिवळे सुटे ठिपके दिसले तर ती जुनी पाव-पाव छटा आहे. तिथे गुळगुळीत, गालाकडे गडद होत जाणारा आजचा संगणकी रंग दिसला तर पुस्तक परत फडताळात ठेवा. आणि भिंग मुलीच्या हातात द्या, पुढची पानं तीच तपासेल.